बिनभोगवटा : भाडेकरूच्या तक्रारीला पत्ता का नसतो?

मंडळी, आपल्यापैकी ज्यांनी आपला फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, त्यांनी घरी गेल्यावर सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल जरा काढून बघावं. पाणीपट्टी, सेवाशुल्क, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड अशा ओळी असतात, आणि त्यांच्या खाली एक ओळ असते : नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. सरकारी मराठीत याला 'बिनभोगवटा शुल्क' म्हणतात. भोगवटा म्हणजे ताबा, प्रत्यक्ष वापर. आता गंमत बघा. त्या घरात नवरा-बायको राहतात, दोन मुलं आहेत, एक आजी आहे. रोज सकाळी कुकरच्या शिट्ट्या होतात, दोरीवर कपडे वाळतात. आणि कागदावर ते घर 'बिनभोगवटा' आहे. का? तर मालक तिथे राहत नाही. मालकाचा मुलगा किंवा मुलगी राहिली असती तर हे शुल्क लागलं नसतं. म्हणजे 'राहणं' कोणाचं मोजायचं, हे पाठीमागच्या नात्यावर ठरतं.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने हाउसिंग सोसायटीवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. माझा विषय हा एक शब्दच आहे. एखादा माणूस एखाद्या जागी सदेह हजर असतो, त्या जागेचे चांगले-वाईट परिणाम भोगतो, आणि तरी तिथल्या व्यवस्थेच्या दृष्टीने तो नसतो. हे कसं घडतं, आणि त्याचे परिणाम फक्त त्याच्यावरच होतात की सगळ्यांवर, हे आज बघू.

आधी एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याच्या पश्चिमेला दोनशे फ्लॅटचं एक संकुल आहे. पंधरा-वीस वर्षं जुनं. तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब लीव्ह अँड लायसन्सवर राहतं. पावसाळ्यात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली, पोपडे धरले, कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागली. दोनपैकी एक लिफ्ट महिनाभर बंद आहे. पाणी अधूनमधून अचानक जातं, कारण टँकर आला नाही.

बाई खाली जाऊन वॉचमनला विचारतात. तो म्हणतो, मॅनेजरला विचारा. मॅनेजर म्हणतो, मी एजन्सीचा माणूस, कमिटीने सांगितलं तर करतो. सेक्रेटरींना फोन केला तर ते सभ्यपणे म्हणतात, "ताई, आम्ही फक्त मेंबरशी बोलतो, तुमच्या मालकांना मेल करायला सांगा." मालक दुबईला. ते म्हणतात, "अहो, बाहेरची भिंत म्हणजे सोसायटीचं काम, मी काय करणार? तुम्हीच जरा फॉलोअप घ्या ना, तुम्ही तिथेच आहात." झालं, वर्तुळ पूर्ण झालं. आणि उद्या सकाळी दहा ते चार पाणी बंद, ही सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आलेली असते. त्या ग्रुपमध्ये मालक आहेत, बाई नाहीत. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा नळ बंद होणार ही बातमी दुबईला पोचते, तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. भाडेकरूच्या वैतागाचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. बुक्के सगळ्यांनाच बसतात. बंद लिफ्ट मालकालाही बंदच असते. पण मालकाचं तोंड मोकळं असतं.

आता या गोष्टीत खलनायक शोधू नका. प्रत्येकाचं उत्तर आपापल्या जागी बरोबर आहे. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून, सामाईक पाइपमधून होणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी. फ्लॅटच्या आतली, म्हणजे बाथरूमची, सिंकची, ही सभासदाची. तेव्हा मालक खोटं बोलत नाहीत. सोसायटी सभासदालाच उत्तर द्यायला बांधील आहे, तेव्हा सेक्रेटरीही खोटं बोलत नाहीत. सगळी उत्तरं खरी, आणि भिंत ओलीच. असं कुठे होतं, की दोष माणसांपेक्षा रचनेत जास्त असतो.

ही रचना तीन टोकांची आहे : मालक, सोसायटी आणि भाडेकरू. मालक आणि सोसायटी यांच्यात सभासदत्वाचं नातं आहे. ते १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातून येतं. मालक आणि भाडेकरू यांच्यात कराराचं नातं आहे. पण सोसायटी आणि भाडेकरू यांच्यात? तिथे रेघच नाही. त्रिकोणाला दोनच बाजू. आणि भाडेकरूच्या रोजच्या गरजा, म्हणजे पाणी, लिफ्ट, जिन्यातला दिवा, कचरा, सुरक्षा, या सगळ्या नेमक्या त्या न काढलेल्या तिसऱ्या बाजूवर आहेत.

ही बाजू का काढली गेली नाही? याला इतिहास आहे, आणि तो थोडा उपरोधिक आहे.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक. तिच्यामागे एस. एस. तल्मकी यांची खटपट होती. तिची कल्पना इंग्लंडमधल्या 'टेनन्ट को-पार्टनरशिप' या पद्धतीवरची : सगळे सभासद मिळून इमारतीचे मालक, आणि प्रत्येक जण एकेकटा त्या संस्थेचा भाडेकरू. हा शब्द सोसायट्यांच्या सरकारी वर्गीकरणात अजून टिकून आहे. म्हणजे आपल्याकडे सहकारी घराची कल्पनाच भाडेकरूपासून सुरू झाली. जो राहतो तोच चालवतो, आणि जो चालवतो तोच राहतो, हे त्यात गृहीत होतं. ते गृहीत पुढे सुटलं, पण नियम तेच राहिले.

दुसरीकडे भाड्याच्या कायद्याचा लंबक हलत होता. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी बव्हंशी १९४० च्या पातळीला गोठली. भाडेकरूला पाय रोवायला भक्कम जमीन मिळाली. पण त्या भाड्यात मालकाला इमारत दुरुस्त करणं परवडेना, आणि त्याने ती करणं सोडून दिलं. मुंबईच्या चाळींची दशा तुम्ही पाहिलेली आहे. मग मालकांनी पळवाट शोधली : भाडेकरू ठेवायचाच नाही, 'लायसन्सी' ठेवायचा. १९७३ मध्ये सरकारने त्या वेळच्या लायसन्सधारकांना भाडेकरूचं संरक्षण देऊन टाकलं. त्याचा मालकांनी इतका धसका घेतला, की कित्येकांनी फ्लॅट कुलूप लावून रिकामे ठेवणं पसंत केलं. शेवटी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळवायचा सोपा मार्ग मालकाला मिळाला. मुदतीनंतरही जो राहील, त्याच्याकडून दुप्पट दराने भरपाई. त्यानंतर भाड्याची घरं मोठ्या संख्येने बाजारात आली, हे मान्य करायला हवं. पण भाडेकरूच्या पायाखालची जमीन अकरा महिन्यांची झाली.

'लायसन्स' या शब्दाकडेही नीट बघा. त्याची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, कलम ५२ मध्ये आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, दुसऱ्याच्या जागेत जे करणं एरवी बेकायदा ठरलं असतं, ते करण्याची परवानगी, आणि त्या जागेत कुठलाही हितसंबंध नाही. म्हणजे तुम्ही तुमच्या बेडरूममध्ये झोपता, ते एरवी अतिक्रमण झालं असतं. परवानगी आहे म्हणून नाही. आपण बोलताना सगळ्यांना 'भाडेकरू' म्हणतो, पण आजचे बहुतेक भाडेकरू कायद्याने भाडेकरू नाहीत, परवानाधारक आहेत. १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ मध्ये म्हटलंय, की मालकाने पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा तोडू नयेत. आणि त्या सेवांमध्ये पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, स्वच्छता हे सगळं येतं. वाचून बरं वाटतं. पण तिथला शब्द 'टेनन्ट' आहे. लायसन्सवाला त्या शब्दात सहज बसत नाही.

आता थोडं माझ्या विषयाकडे वळतो. मालकी म्हणजे काय, यावर आपल्या परंपरेत खूप चर्चा झालेली आहे. 'स्वत्व' म्हणजे एखादी वस्तू मनाला येईल तशी वापरता येण्याची योग्यता, अशी एक व्याख्या प्रचलित होती. नव्यन्यायातल्या रघुनाथ शिरोमणीला ती पुरेशी वाटली नाही, आणि त्याने स्वत्व हा एक स्वतंत्र पदार्थच मानला. त्याचा मुद्दा आपल्याला इथे उपयोगी आहे : वस्तू वापरणं वेगळं आणि वस्तू आपली असणं वेगळं. घर हे याचं उत्तम उदाहरण. दुबईचे गृहस्थ घर वापरत नाहीत, पण ते त्यांचं आहे. बाई वापरतात, पण त्यांचं नाही. इथपर्यंत काहीच अन्याय नाही. चूक पुढच्या पायरीवर होते. घर ज्याचं, त्यालाच घराच्या आजूबाजूच्या जगण्याबद्दल बोलायचा अधिकार, असं आपण न सांगता मान्य करून टाकतो. भिंत मालकाची असेल, पण बुरशीचा वास ज्याच्या नाकात जातो तो मालक नाही.

जुन्या अथेन्समध्ये अशा लोकांचा एक वर्गच होता. त्यांना 'मेटॉइकोस' म्हणत. त्या शब्दात 'ऑइकोस', म्हणजे घर, आहे. बाहेरून येऊन अथेन्समध्ये स्थायिक झालेले हे लोक. व्यापार करत, कारागिरी करत, सैन्यात लढत. पुरुषाला वर्षाला बारा द्राख्मा वेगळा कर द्यावा लागे, केवळ तिथे राहण्याबद्दल. नगरसभेत मत नाही. जमीन किंवा घर विकत घेता येत नाही. आणि आपल्या वतीने उभा राहील असा एक नागरिक आश्रयदाता लागे. कर, मताचा अभाव, आणि मध्यस्थ. बिनभोगवटा शुल्क, सभेला बंदी, आणि 'मालकांना मेल करायला सांगा.' तंतोतंत नाही, पण सांगाडा ओळखीचा वाटतो की नाही? 'राज्यशास्त्र' लिहिणारा ॲरिस्टॉटल स्वतः असाच मेटॉइकोस होता. नागरिक कोणाला म्हणावं याची मीमांसा त्याने ज्या शहरात केली, त्या शहराचा तो नागरिक नव्हता.

यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, भाडेकरूला त्रास होतो. पण सोसायटीचं त्यात काय बिघडलं? माझं म्हणणं आहे, बरंच बिघडतं. व्यवस्थापन ढिसाळ असण्याचं एक कारण हेच आहे.

आल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० चं एक छोटं पुस्तक आहे, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. तो म्हणतो, एखादी संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणं किंवा बोलणं. आणि धोका असा, की ज्यांना दर्जाची सगळ्यात जास्त फिकीर असते तेच आधी निघून जातात. मग बोलणारे उरत नाहीत आणि घसरण वाढते. हे आपल्या संकुलाला लावून बघा. लिफ्ट बंद, पाणी नाही, म्हणून ज्या मालकांना परवडलं ते दुसऱ्या, चांगल्या संकुलात राहायला गेले. पण फ्लॅट विकला नाही, भाड्याने दिला. म्हणजे माणूस गेला, मत मात्र इथेच राहिलं. त्याच्या जागी जो आला त्याला रोजचा त्रास आहे, पण मत नाही. जसजसे भाड्याचे फ्लॅट वाढतात, तसतसं त्रास भोगणारे आणि मत असणारे हे दोन गट एकमेकांपासून दूर जातात.

आणि न राहणाऱ्या मालकाचं गणित वेगळं असतं. त्याच्या दृष्टीने मेंटेनन्स म्हणजे भाड्यातून वजा होणारा खर्च. पाचशे रुपये वाढवून पंप बदलू या, असा ठराव आला तर त्याचा फायदा बाईंना, भुर्दंड याला. तो दुष्ट नाही, हिशेबी आहे. दुरुस्ती निधीचं किमान प्रमाण उपविधींत वर्षाला बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के आहे, पण तो बांधकाम खर्च इमारत उभी राहिली त्या सालातला. किमान तेवढंच गोळा करत राहिलं, तर वीस वर्षांनी त्यात काय होणार?

मग वार्षिक सर्वसाधारण सभा. तिला कोरम लागतो दोनतृतीयांश सभासद किंवा वीस, यातलं जे कमी असेल ते. दोनशे फ्लॅटच्या संकुलात वीस माणसं जमत नाहीत. सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, कोरमशिवाय भरते. चहा-वेफर्स होतात, अहवाल वाचला जातो, 'सर्वानुमते मंजूर' होतं. तेवढ्यात जिन्यावरून भाड्याच्या फ्लॅटमधली पन्नास-साठ माणसं ये-जा करत असतात. लिफ्ट का बंद आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण त्यांना आत बोलावलेलं नसतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. भाडेकरू आज आहे, उद्या नाही. ज्याचे पैसे अडकलेले नाहीत त्याच्या हातात निर्णय कसे द्यायचे? शेतीत आपण 'कसेल त्याची जमीन' म्हटलं, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना मालक केलं. आता 'राहील त्याचं घर' म्हणायचं का? माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. त्या धास्तीपायीच एकेकाळी घरं कुलूपबंद झाली होती. पण निर्णय सगळे एका जातीचे नसतात. पुनर्विकास करायचा का, सिंकिंग फंड कुठे गुंतवायचा, गच्चीवर टॉवर बसवू द्यायचा का, हे मालमत्तेचे निर्णय. ते मालकांनीच घ्यावेत. टँकर किती वाजता यावा, लिफ्टच्या दुरुस्तीचा पाठपुरावा, कचरा, वॉचमनची पाळी, जिन्यातले दिवे, हे वास्तव्याचे निर्णय. त्यांत राहणाऱ्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. मी मत म्हणत नाहीये, म्हणणं म्हणतोय.

कायद्यात याची बीजं नाहीत असंही नाही. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंध कायद्यात मालकाबरोबर 'भोगवटादार' हा शब्द आहे. आगीचा प्रश्न आला की कायद्याला आठवतं, की आत माणसं राहतात. सहकार कायद्यात 'नाममात्र सभासद' आहे. त्याला मत नाही, पण निदान नाव आहे. केंद्राने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा मांडला, त्यात कुठली दुरुस्ती मालकाची आणि कुठली भाडेकरूची याची यादीच दिली आहे, आणि घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित ठेवलं आहे. अर्थात तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू.

तोवर काय करता येईल? चार गोष्टी सांगतो.

एक, करार. तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. छापील मसुद्यावर डोळे मिटून सही करू नका. 'सामाईक सेवांबद्दलची तक्रार मालक ठरावीक दिवसांत सोसायटीकडे लेखी पाठवेल' एवढं एक वाक्य घालून घ्या. आणि 'सोसायटीशी थेट पत्रव्यवहार करायला मालकाची संमती आहे' हे दुसरं.

दोन, मालकांनी आपली जबाबदारी ओळखावी. त्रिकोणाची दुसरी बाजू तुमच्या हातात आहे. उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय ही दारं मुख्यतः सभासदासाठी उघडतात. तुम्ही पत्र लिहिलं नाही तर ते कोणीच लिहू शकत नाही.

तीन, सोसायट्यांनी. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं. बिनभोगवटा शुल्कही २००१ पासून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तेव्हा ना हरकतीच्या नावाखाली 'बॅचलर नको, अमुक नको' अशी गाळणी लावण्यात शक्ती घालवण्यापेक्षा एक तक्रारवही ठेवा. त्यात नाव लिहिताना मालक की भाडेकरू हा रकानाच नको. फ्लॅट नंबर पुरे. सूचनांसाठी वेगळा ग्रुप करा, ज्यात राहणारा प्रत्येक जण असेल. याला कुठल्याही उपविधीची दुरुस्ती लागत नाही.

चार, भाडेकरूंनी लिहायची सवय लावावी. तारीख, फोटो, काय बंद, किती दिवस. रागाने फोनवर बोललेलं हवेत जातं.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं देतो.

एका गृहस्थांनी विचारलं : "सर, मी कमिटीवर आहे. भाडेकरूच जास्त नुकसान करतात. लिफ्टची बटणं तोडतात, कचरा कुठेही टाकतात. त्यांना आपलेपणा नसतो."

काही जण करत असतील, नाकारत नाही. पण आपलेपणा हा आधी मागायचा आणि मग जागा द्यायची, असं होत नाही. ज्याला आपण सूचनासुद्धा पाठवत नाही, त्याने नियम पाळावेत असं म्हणायला आपल्याकडे पुरेसा आधार नसतो. नवीन कुटुंब आलं की त्यांना नियमांचं एक पान आणि तक्रार कुठे करायची तो नंबर, दोन्ही एकाच वेळी द्या. नुसते नियम दिले तर ती फक्त ताकीद होते.

दुसरा प्रश्न एका तरुण मुलीचा होता : "मी भाडेकरू आहे. तक्रार लिहिली तर मालक करार पुढे वाढवणार नाहीत अशी भीती वाटते. मुदत संपायला तीन महिने आहेत. मग लिहायचं कसं?"

ही भीती खरी आहे. करार वाढवलाच पाहिजे अशी सक्ती मालकावर नाही, आणि घर बदलायचं म्हणजे ब्रोकरचे पैसे, नवीन डिपॉझिट, सामानाचा टेम्पो. तेव्हा 'धाडस करा' असं मी व्यासपीठावरून सांगणं बरोबर होणार नाही. एवढंच सुचवतो, की एकटीने लिहू नका. लिफ्ट तुमच्या एकटीची बंद नाही. त्याच जिन्यावर राहणाऱ्या एखाद्या मालकाला, विशेषतः एखाद्या आजी-आजोबांना, गाठा. त्यांना जिने चढता येत नाहीत; त्यांना मत आहे. पत्र त्यांच्या नावाने जाऊ दे, खाली राहणाऱ्या सगळ्यांच्या सह्या असू देत, फ्लॅट नंबरसह. आणि त्याची एक प्रत तुमच्या मालकांना पाठवा, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. त्यांची मालमत्ता आहे. भिंतीला ओल आल्याचं त्यांना कळायला हवंच.